ओझं कुणाच्या फोनवर?

माझा धाकटा भाऊ आणि माझी लेक एकाच धंद्यात आहेत, आणि वेबसाइट कशी असावी यावर दोघांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. भाऊ नागपूरच्या धरमपेठेतल्या एका खोलीत एकट्यानं कामं घेतो. शाळा, पतसंस्था, जिनिंगवाले, काटोल-नरखेडकडचे संत्रा बागायतदार हे त्याचे गिऱ्हाईक. लेक मिहानमधल्या कंपनीत जाते. मेट्रोनं खापरी, पुढे बस. ती जे बांधते ते वापरणारी माणसं अमेरिकेत असतात, आणि ती उठतात तेव्हा आपल्याकडे रात्रीच्या जेवणाची तयारी चाललेली असते.

नागपुरात ही दोन्ही जगं नांदतात. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंटची इमारत उभी राहिली तेव्हा आम्हाला तिचं अप्रूप होतं. पुढे मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आल्या आणि ‘पुण्याला गेल्याशिवाय गत्यंतर नाही’ हे नागपूरकर आईबापांचं पालुपद जरा मंदावलं. भावाचं दुकान मात्र या सगळ्याच्या आधीचं, डायल-अपच्या काळातलं.

मी शाळेत मराठी शिकवायचे. संगणक मला कामापुरता कळतो. पण आमच्या घरी जेवताना दुसरा विषय निघत नाही, त्यामुळे दोघांची बाजू मला आता पाठ आहे. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, म्हणून वयाच्या अधिकारानं कुणी कुणाला गप्प करू शकत नाही, हेही सांगून ठेवते.

मामा : तुझ्या कंपनीनं केलेलं ते लॉगिनचं पान उघडलं बाई. दोन रकाने अन् एक बटण. त्याच्यासाठी तीन एमबी! आमची अख्खी फ्लॉपी 1.44 एमबीची राहायची. म्हणजे ‘आत येऊ का’ एवढं विचारायला दोन फ्लॉप्या भरून तिसरी काढा.

भाची : आमचा वापरणारा माणूस फायबरवर बसलेला असतो मामा. अन् डेटाचं म्हणशील तर 2016 मध्ये जिओ आल्यापासून इथेही डेटाला कोण विचारते?

मामा : डेटा स्वस्त झाला, फोन हुशार झाला काय? जावास्क्रिप्ट नुसती उतरवून भागत नाही. फोनला ती वाचावी लागते, समजून घ्यावी लागते, चालवावी लागते. तू पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपवर तपासून राहिली. वरुडच्या बागेत उभा असलेला माणूस सात हजारांच्या फोनवर उघडते. पांढरा पडदा दिसते त्याला. तो म्हणते, नेटवर्क नाही. नेटवर्क असते बाप्पा, फोनच दमलेला असते.

भाची : मग काय, सगळं नोटपॅडमध्ये लिहायचं अन् एफटीपीनं चढवायचं?

मामा : काहून नाही? माझ्या जिनिंगवाल्याचं बाजारभावाचं पान तीस केबीचं आहे. बस स्टँडवर उभ्या-उभ्या उघडते.

भाची : उघडते. पण त्याच्यात एक रकाना वाढवायचा तर तुलाच यावं लागते. कारण तो कोड तुझ्या डोक्यात आहे. पासवर्ड तुझ्या डायरीत. उद्या तू महिनाभर आजारी पडला तर ते पान कोण हलवेल? रिअ‍ॅक्ट हे पडदे बांधायचं साधन 2013 मध्ये फेसबुकवाल्यांनी बाहेर काढलं, ते काही हौस म्हणून नाही. एकाच पडद्यावर चाळीस माणसं काम करतात तेव्हा कुणी काय बदललं अन् त्यामुळे कुठं काय बदलेल याचा हिशेब कुणीतरी ठेवावा लागते. तू एकटा आहेस, म्हणून तुला तो हिशेब लागत नाही.

मामा : चाळीस माणसं लागतातच कायले?

या प्रश्नावर लेक दर वेळी हसते आणि उत्तर देत नाही. माझ्या मते तिच्याकडे उत्तर आहे, पण ते तिच्या मॅनेजरनं द्यायचं आहे.

वजनाच्या बाबतीत मी भावाच्या बाजूची आहे. आज जगातलं सर्वसाधारण वेब-पान दोन एमबीच्या पुढे गेलं आहे, आणि त्यातला वाचायचा मजकूर काढून पाहिला तर एखाद्या दिवाळी अंकातल्या लेखाएवढाही भरत नाही. बाकीचं कुणाच्या सोयीसाठी आहे? बरंचसं बनवणाऱ्याच्या. आयती लायब्ररी आणली की त्याचे दोन दिवस वाचतात, आणि ते दोन दिवस वापरणाऱ्या लाखो माणसांच्या फोनवर थोडे थोडे वाटून टाकले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला चार सेकंद. तक्रार करावी एवढं ते कुणालाच होत नाही, म्हणून चालून जातं.

आयत्या मालावरून त्यांचं वेगळं भांडण आहे.

मामा : 2016 च्या मार्चमध्ये काय झालं ते सांग तुझ्या आईला. एका माणसानं रागावून आपली पॅकेजं मागे घेतली. त्यातलं एक अकरा ओळींचं. काम काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणं. लेफ्ट-पॅड त्याचं नाव. तेवढं निघालं अन् जगभर लोकांचे बिल्ड फुटले. अकरा ओळी स्वतः लिहिता येत नाहीत?

भाची : येतात. अन् त्या गोष्टीनंतर पॅकेजं ठेवणाऱ्या एनपीएमनं नियमही बदलले, आता असं पॅकेज सहजासहजी काढता येत नाही. पण तू ज्या लिनक्सवर होस्टिंग घेतलं, ज्या पीएचपीत लिहितो, ते तुझ्या हातचं आहे काय? तुझ्याही पायाखाली दुसऱ्याचंच आहे मामा. फक्त तू खाली पाहत नाहीस.

मग तिनं एक्सझेडची गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करायचं साधन. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळणारा मुख्य माणूस एकच, तोही बिनपगारी, आणि थकलेला. मदतीच्या नावाखाली एक अनोळखी नाव पुढे आलं. दोनेक वर्षं त्यानं इमानेइतबारे काम केलं, विश्वास कमावला, किल्ल्या मिळवल्या आणि मग आत चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं जाणवलं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला म्हणून चोरदरवाजा सापडला, नाहीतर जगभरातल्या सर्व्हरांची दारं उघडी पडली असती.

भाऊ म्हणाला, “पाहा, अर्धा सेकंद महत्त्वाचा असते.” लेक म्हणाली, “पाहा, एकट्या माणसावर सगळं सोडलं की काय होते.” गोष्ट एक आणि प्रत्येकानं त्यातून स्वतःचा मुद्दा उचलला. मला दिसला तो फक्त तो थकलेला माणूस. ज्याच्या कामावर एवढं जग चालतं त्याला पगार कोण देतं, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

मराठीचा विषय निघाला की मात्र भावाची गाडी अडते.

भाची : तुझी हलकी पानं, तुझी हलकी पानं! 2003 मध्ये तू त्या शाळेची साइट केली ना? आज उघडून पाहा. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते. कारण तू मजकूर मराठीत लिहिलाच नव्हता. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली होती, अन् तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला काहीच कळत नव्हतं. गूगलला शोधता येत नाही, आंधळ्या माणसाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. हलकं होतं, कारण ओझं वाचणाऱ्यावर टाकलं होतं. ‘आधी आमचा फॉन्ट उतरवा.’ तीन एमबीवरून मला बोलतो!

मामा : अन् दुसरं काय करणार होतो? युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, कागदावर. सीताबर्डीच्या सायबर कॅफेत विंडोज 98 होतं, त्याला देवनागरी कुठं यायची? विंडोज 2000 मध्ये आली. एक्सपीतसुद्धा ती सोय सीडी घालून चालू करावी लागे, अन् ती सीडी कॅफेवाल्याकडे नसायची. सीडॅकवाल्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट कार्ड केलं, इस्कीचं प्रमाण झालं, सगळं खरं. पण गिऱ्हाईकाला वर्तमानपत्रात दिसतात तशी अक्षरं पाहिजे होती, उद्या पाहिजे होती, अन् फुकट फॉन्टमध्ये पाहिजे होती.

यात दोघांचंही खरं आहे. वीस वर्षांचा मराठी मजकूर अशा फॉन्टांच्या अडगळीत पडून आहे. तो युनिकोडमध्ये आणायचा तर प्रत्येक फॉन्टची किल्ली वेगळी. आणि युनिकोड आला म्हणून संपलं असंही नाही. लेकीनं मला एकदा ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकून दाखवला. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. एकात र-ला टिंब असलेलं वेगळं अक्षर वापरलेलं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. माझ्या डोळ्याला फरक शून्य. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द. शोधपेटीत एक टाकला तर दुसरा सापडत नाही. युनिकोडचे ठरीव नियम लावूनही ही दोन रूपं एक होत नाहीत, त्यासाठी आपला वेगळा नियम लिहावा लागतो. ‘अ‍ॅप’मधल्या अ‍ॅ-चंही तेच, तोही दोन तऱ्हांनी लिहिता येतो. ग्रामपंचायतीच्या यादीत एखादा माणूस सापडला नाही तर तो यादीत नाही असं समजू नये, एवढं मी यातून शिकले.

ल आणि श यांचीही तक्रार मी कितीतरी वर्षं करत होते. 2009 साली राज्य सरकारनं प्रमाण देवनागरीचा निर्णय काढला, त्यात मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि मराठी वळणाचा श दिले. शाळेत मुलांकडून तेच गिरवून घेतले. फोनवर मात्र हिंदी वळणाचे ल-श. मला वाटायचं, दिल्लीवाल्यांचं कारस्थान. लेक म्हणाली, पानाच्या सुरुवातीला ‘ही मराठी आहे’ असं एका लहानशा खुणेनं ब्राउझरला सांगायचं असतं. सांगितलं आणि फॉन्टमध्ये सोय असली तर अक्षरं आपोआप मराठी वळणाची होतात. बहुतेक मराठी साइटवाले ते सांगतच नाहीत. एक तर विसरतात, नाहीतर आधीपासून असलेली ‘इंग्रजी’ तशीच राहू देतात.

मामा : मी सांगतो.

भाची : कधीपासून?

मामा : मागच्या वर्षी तू सांगितल्यापासून.

‘नागपूर’ हा शब्द रोमन अक्षरांत साठवला तर सहा बाइट लागतात, देवनागरीत अठरा. एसएमएस इंग्रजीत 160 अक्षरांचा, मराठीत 70 चा, आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. केबी-केबीचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या भावाला हे ऐकून त्रास झाला. पण ही तिप्पट जागा देताना त्यानं कुरकुर केलेली नाही, हेही नोंदवते.

एआयबद्दल माझी समजूत अशी होती की मामा विरोधात असेल आणि भाची बाजूनं. निघालं उलटं.

मामा : मला जन्मात पहिल्यांदा हाताखाली माणूस मिळाला. पतसंस्थेचा जुना पीएचपी कोड होता. डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शनं पीएचपी 7 मधून काढूनच टाकली, अन् होस्टिंगवाला म्हणे नवीन आवृत्तीवर या. ढीगभर फायली. मी दोन वर्षं टाळत होतो. यंत्राला सांगितलं, एका दुपारी झालं.

भाची : तपासलं कुणी?

मामा : मीच. ओळ न् ओळ.

भाची : तेच म्हणून राहिले. तुला तपासता येते, कारण तू इतकी वर्षं हातानं लिहिलं. आमच्याकडे जी थोडी नवीन पोरं येतात ती यंत्राकडून लिहून घेतात अन् न वाचता माझ्याकडे रिव्ह्यूला टाकतात. विचारलं ‘हे असं काहून केलं?’ तर म्हणतात, ‘त्यानंच दिलं.’ कुणीच न लिहिलेला अन् कुणीच न वाचलेला कोड मी दिवसभर वाचते. अन् हिंगणा रोडच्या कॉलेजांतून निघालेल्या पोरांनी शिकायचं कुठं, जर शिकाऊ कामं सगळी यंत्राला दिली तर?

मामा : मी कुठं शिकलो? चुका करत करत.

भाची : गिऱ्हाईकाच्या पैशानं. तेव्हा गिऱ्हाईकाला घाई नव्हती.

2025 च्या जुलैमध्ये टीसीएसनं सुमारे 12 हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं. लेक त्या कंपनीत नाही, तरी तो आठवडा घरात कुणी एआयचा विषय काढला नाही. भावानंसुद्धा नाही. त्याच्याकडे भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, पण त्याला कामावरून काढणारंही कुणी नाही, आणि हे त्यानं बोलून दाखवलं नाही याबद्दल मला त्याचं कौतुक वाटलं.

राहिला कामाच्या तासांचा प्रश्न. आमचे बाबा एम्प्रेस मिलमध्ये सूतकताई खात्यात होते. जमशेटजी टाटांची ही मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, म्हणून नाव एम्प्रेस. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. भोंगा वाजला की बाबा निघत आणि भोंगा वाजला की परतत. घरी आल्यावर मिल त्यांच्या खिशात नसायची. 1948 च्या कारखाना कायद्यानं आठवड्याचे 48 तास ठरवले होते, आणि ते तास मिळवायला कामगारांच्या आधीच्या दोन-तीन पिढ्या खपल्या होत्या. 2002 मध्ये मिल कायमची बंद पडली. आता तिथे मॉल आहे, आणि माझी लेक तिथे कपडे घ्यायला जाते.

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी 90 वर नेलं. बाबा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, ओव्हरटाइम कोणत्या दरानं?

मामा : मी तर सत्तरच्या वरच करतो.

भाची : करत नाहीस, तुझा व्हॉट्सअ‍ॅप करते. रात्री अकराला जिनिंगवाल्याचा मेसेज, ‘भाऊ, फोटो थोडा मोठा करा.’ अन् तू उठून करतो. मला निदान पगार ठरलेला आहे.

मामा : अन् तुझी रात्री साडेनऊची मीटिंग?

भाची : ती अर्ध्या तासाची असते.

मामा : दीड तासाची असते. मी भिंतीपलीकडे जेवत असतो.

भाची : ते खरं आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये तास मोजून काय होते? दुपारी चार तास बसून न सुटलेला बग मेट्रोत अजनीपाशी सुटते. तो तास कुणाच्या खात्यात लिहायचा?

मामा : माझ्या खात्यात सगळेच बिनपैशाचे.

भावाच्या धंद्यातलं खरं दुखणं हे आहे, आणि लेकीनं ते नेमकं पकडलं. त्याचं गिऱ्हाईक वेबसाइट ‘विकत’ घेतं, एकदा. मग पुढची दहा वर्षं डोमेनचं नूतनीकरण, सुरक्षेचे अपडेट, बदललेल्या ब्राउझरमुळे मोडलेला मेनू, हे सगळं ‘भाऊ, जरा पाहून घ्या ना’मध्ये जातं. सॉफ्टवेअर बांधायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी पट सांभाळायला लागतं, हे त्या दोघांचंही मत. इतक्या वर्षांत दोघांचं जुळलेलं मी ऐकलं ते हे एक. एसी बसवणारा वार्षिक कराराचे पैसे बिनदिक्कत मागतो. माझा भाऊ मागत नाही.

सध्या एका संत्रा उत्पादकांच्या कंपनीचं काम आलं आहे: सभासदांची नोंदणी, मालाची आवक, बाजारभावाचे एसएमएस. पहिल्यांदाच दोघं मिळून करणार आहेत. पान साठ केबीच्या आत ठेवायचं हे मामानं कबूल करून घेतलं. नावाच्या रकान्यात मराठी चाललीच पाहिजे, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हे बाईला स्वतः ठरवता आलं पाहिजे आणि दोन्ही तऱ्हांचे ‘ऱ्या’ शोधात सापडले पाहिजेत, हे भाचीनं. आणि तिची आणखी एक अट होती, वार्षिक देखभालीचा लेखी करार.

मामा : ते देणार नाहीत बाप्पा. म्हणतील, एकदा पैसे दिले ना?

भाची : तू तासाचा भाव काय लावतो, ते सांग आधी.

मामा : तासाचा? आपल्याकडं तासावर कोण देते? कामावर देतात.

भाची : मग काम कधी संपलं हे लिहून घे. त्याच्यापुढचं सगळं करारात.

मामा : रात्री अकराचा मेसेजही?

भाची : त्याला दुप्पट दर.

मसुदा माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला आला आहे. अटी अकरा आहेत आणि अकराही चोख आहेत. रकमेची जागा मात्र दोघांनीही कोरी ठेवली आहे, आणि बागायतदारांची बैठक शनिवारी आहे.